घर आणि विमानघर



घर बांधायचे म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो तो दाराच्या तोंडाचा. दुसरा निघतो पाण्याचा आणि तिसरा गुराढोरांचा. ज्याच्या दावणीला चार जनावरे आहेत, तो शेतकरी घराची आखणी करताना गोठा कधी विसरत नाही. गोठ्याचा वास स्वयंपाकघरात येऊ नये, पण रात्री जनावर हंबरले तर ऐकू यावे. बैलगाडी थेट आत घेता यावी, पण अंगणात खेळणारे पोर चाकाखाली येऊ नये. कडब्याची गंजी हाताशी असावी, पण चुलीच्या ठिणगीपासून लांब असावी. हे सारे हिशेब आपल्या जुन्या माणसांनी कागदावर न मांडता केलेले आहेत.

आज मी तुम्हांला ज्या घराविषयी सांगणार आहे, त्या घराच्या गोठ्यात बैल नाही, ट्रॅक्टरही नाही. तेथे विमान आहे. अमेरिकेत अशा काही वसाहती आहेत की जेथे प्रत्येक घराला लागून विमान ठेवण्याची एक मोठी शाळा असते. तिला हँगर म्हणतात. सकाळी घरधनी हँगरचे दार उघडतो, आपले लहानसे विमान बाहेर ढकलतो, वसाहतीच्या वाटेने सावकाश धावपट्टीकडे नेतो आणि उडून जातो. अशा वसाहतीला तिकडे एअरपार्क म्हणतात. आपण तिला विमानवसाहत म्हणू.

कोणी म्हणेल, हा श्रीमंतांचा षोक आहे, त्याचे आम्हांला काय? प्रश्न रास्त आहे. परंतु या घरांच्या आखणीत जे प्रश्न येतात, ते मोठ्या भिंगाखाली ठेवलेले आपलेच प्रश्न आहेत. यंत्र आणि माणूस एका छपराखाली कसे नांदवायचे? सर्वांच्या मालकीच्या वाटेची काळजी कोणी घ्यायची? आणि आजच्या हौसेसाठी बांधलेले घर उद्याच्या म्हातारपणी उपयोगी पडेल काय? म्हणून हा विषय थोडा समजून घेण्यासारखा आहे.

प्रथम या वसाहती निघाल्या कशा ते पाहू. दुसऱ्या महायुद्धापूर्वी, म्हणजे १९३९ साली, अमेरिकेत विमान चालविणारे सुमारे ३४ हजार लोक होते. युद्ध संपून १९४६ साल उजाडले तेव्हा ही संख्या ४ लाखांवर गेली होती. युद्धात शिकलेले वैमानिक घरी परतले होते आणि युद्धासाठी बांधलेल्या धावपट्ट्या ओस पडल्या होत्या. जमीन होती, माणसे होती, विद्याही होती. त्याच १९४६ साली कॅलिफोर्नियात फ्रेस्नो शहराजवळ विल्यम आणि डॉरिस स्मायली या दांपत्याने सिएरा स्काय पार्क ही वसाहत उभी केली. घर आणि विमान यांची अशी जोडी लावणारी ही पहिली वसाहत मानतात. पुढे असे पुष्कळ प्रयोग झाले. फ्लोरिडात डेटोना बीचजवळ स्प्रूस क्रीक नावाची वसाहत आहे. ती नौदलाच्या युद्धकाळातील एका धावपट्टीवर वसलेली आहे. तेथे सुमारे १३०० घरे आणि सुमारे ७०० हँगर आहेत. धावपट्टी सुमारे ४००० फूट लांब आहे. म्हणजे आपल्याकडचे एक बऱ्यापैकी गावच, फक्त तेथल्या रस्त्यांवर गाड्यांबरोबर विमानेही दिसतात.

आता असे समजा की अशा वसाहतीत तुम्ही एक भूखंड घेतला आहे आणि तेथे घर बांधायचे आहे. सुरुवात कोठून कराल? आपण सहसा भिंतींपासून सुरुवात करतो, दारे-खिडक्या मागाहून ठरवितो. येथे क्रम उलटा आहे. आधी विमान, मग दार, मग हँगर आणि सर्वांत शेवटी घर. हा क्रम चुकला की पैसा जातो आणि दुरुस्तीही करता येत नाही.

विमान घेऊ या सेस्ना १७२ या जातीचे. जगात सर्वांत अधिक संख्येने बांधले गेलेले हे विमान. चार माणसे बसतात, एक इंजिन असते. त्याच्या पंखांचा विस्तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३६ फूट, लांबी सुमारे २७ फूट आणि शेपटीची उंची ९ फूट. हे तीन आकडे लिहून ठेवा, कारण सारे घर यांच्यावर उभे राहायचे आहे. पंखाच्या प्रत्येक टोकाला तीन फूट मोकळे सोडले तर दार ४२ फूट रुंद हवे. दाराच्या दोन्ही बाजूंस खांब आणि भिंतीचा भाग मिळून तीन-तीन फूट धरले तर हँगरची रुंदी ४८ फूट होते. खोली किती? २७ फूट विमान. पुढे नाकाशी चालण्या-फिरण्याची जागा, मागे शेपटीशी जागा, आणि भिंतीलगत कामाचे मेज व अवजारांची कपाटे. असे करता ४० फूट लागतात. ४८ गुणिले ४० म्हणजे १९२० चौरस फूट.

हा आकडा मी मुद्दाम काढला. इंटरनॅशनल बिल्डिंग कोड नावाची एक नमुना नियमसंहिता आहे. तेथली राज्ये आणि नगरे ती थोड्याफार फेरफाराने स्वीकारतात. तिच्यात घराजवळच्या हँगरला काही सवलती आहेत, परंतु कोणत्या हँगरला? ज्याचे क्षेत्र २००० चौरस फुटांहून कमी आणि उंची २० फुटांच्या आत आहे, त्याला. त्यापुढे गेलात की व्यापारी हँगरचे कडक नियम लागू होऊ शकतात. म्हणजे एका मध्यम विमानाला सुखाने पुरेल, पण दुसरे विमान ठेवण्याचा मोह झाला तर अडचण येईल, अशा बेताची ही मर्यादा आहे. आखणी करणाऱ्याने हे पहिल्या दिवशीच ध्यानात घ्यावे.

दाराचे तीन प्रकार प्रचारात आहेत. पहिला सरकत्या दाराचा. तो सर्वांत स्वस्त आणि समजायला सोपा. पण ४२ फुटांचे दार सरकवायचे तर ते बाजूला कोठे तरी मावले पाहिजे. शिवाय ज्या भागात बर्फ पडते तेथे खालच्या रुळात बर्फ गोठून दार अडकून बसते. दुसरा प्रकार मध्यावर दुमडून वर जाणाऱ्या दाराचा. पट्ट्यांनी किंवा तारेच्या दोरांनी ते वर ओढले जाते. ते जागा कमी खाते, परंतु दुमडलेला भाग वर लोंबत राहतो म्हणून दाराची उंची थोडी कमी होते. तिसरा प्रकार अखंड दाराचा. तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे ते बाहेरच्या बाजूने उचलतात आणि वर गेल्यावर त्याची छानशी पडवी होते. दिसायला हे दार फार डौलदार. पण उघडताना त्याचा सगळा भार वरच्या तुळईवर आणि बाजूच्या खांबांवर येतो. खांब जाड हवेत, त्यांचा पाया खोल हवा. दार नंतर ठरवू म्हणून साधा पाया घातला, तर हे दार पुढे लावता येत नाही. म्हणूनच मी म्हटले की आधी दार आणि मग भिंती.

वाऱ्याचाही विचार दारापाशीच करावा लागतो. बंद घरावर वारा आदळला तर तो भिंती ढकलतो आणि छपर वर ओढतो. पण दार फुटले किंवा उघडे राहिले तर वारा आत शिरतो आणि छपराला आतूनही वर ढकलतो. बाहेरून ओढ आणि आतून धक्का, असे दोन्ही एकदम झाले की छपर उडते. आपल्याकडे वादळात पत्र्याची शाळा उडते ती पुष्कळदा याच कारणाने. फ्लोरिडात १९९२ साली अँड्र्यू नावाचे चक्रीवादळ आले. त्यानंतर तेथले बांधकामाचे नियम फार कडक झाले आणि अशा मोठ्या दारांनी किती वारा सोसावा हे आधी सिद्ध करून द्यावे लागते. वाऱ्याची नेहमीची दिशा पाहून शक्य तर दार तिच्याकडे पाठ करून ठेवावे. थंड प्रदेशात ते दक्षिणेला ठेवतात, म्हणजे उन्हाने समोरचे बर्फ वितळते. परंतु भूखंडाचे तोंड जिकडे असेल तिकडेच विमानाची वाट असते, त्यामुळे ही निवड भूखंड घेतानाच करायची असते. एकदा खरेदीखत झाले की दिशा बदलत नाही.

जमिनीकडे या. हँगरची जमीन काँक्रीटची असते. तिच्याखाली ओल वर येऊ नये म्हणून प्लास्टिकचा जाड कागद अंथरतात, कारण ओलीने विमानाचा धातू गंजतो. जमिनीला दाराकडे अगदी थोडा ढाळ देतात, आणि दाराबाहेरच्या फरशीला घरापासून दूर जाणारा ढाळ देतात, म्हणजे पावसाचे पाणी आत येत नाही. पण हा ढाळ किती? येथे थोडे गणित करू. हे विमान इंधन-सामानासह भरले म्हणजे ११५० किलोच्या आसपास जाते, रिकामे असता साडेसातशेच्या घरात. समजा ते १००० किलोचे आहे. सपाट जमिनीवर एकटा माणूस ते ढकलू शकतो. शंभर फुटांत दोन फूट चढ असेल तर त्याला २० किलोचा जोर अधिक लावावा लागतो. शंभर फुटांत पाच फूट चढ असेल तर ५० किलोचा. संध्याकाळी दमून परतल्यावर, पाऊस येत असता, एकट्याने ५० किलोचा जोर लावून विमान आत ढकलणे ही काही गंमत नव्हे. आणि दाराशी एक इंचाची जरी कड राहिली, तरी लहान चाक तेथेच अडते. ज्यांनी बैलगाडी चढावर लावली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. विमान आणि माणूस किती जवळ राहावेत?

माझा एक जुना विद्यार्थी फ्लोरिडात इंजिनियर आहे. त्याने अशा एका वसाहतीत भूखंड घेतला आणि रजेवर आला तेव्हा घराचा आराखडा मला दाखवायला आणला. बरोबर त्याची पत्नीही होती. आराखडा देखणा होता. मधोमध हँगर, त्याच्या तीन बाजूंनी खोल्या, दिवाणखान्याला मोठी काच, म्हणजे सोफ्यावर बसल्याबसल्या विमान दिसावे. तो उत्साहाने सांगत होता. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "सर, यांनी विमानाला घर बांधलंय. आम्हाला फक्त भाडेकरू ठेवलंय." सगळे हसलो. पण तिने पुढे जे विचारले त्यावर हसण्यासारखे काही नव्हते. मुलांच्या निजायच्या खोलीचे दार हँगरमध्ये का उघडते? आणि यांचे उडणे बंद पडले तर या एवढ्या शाळेचे करायचे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नियमांतच आहे. मघाशी सांगितलेल्या संहितेप्रमाणे हँगरमधून निजायच्या खोलीत थेट दार ठेवताच येत नाही. घर आणि हँगर यांच्यामध्ये अशी भिंत हवी की जी आगीला निदान एक तास थोपवील. ही भिंत पायापासून छपराच्या खालच्या अंगापर्यंत अखंड हवी. माळ्याच्या पोकळीतून आग पलीकडे जाता कामा नये. या भिंतीत घरात जाण्याचे दार ठेवायचे तर ते आपोआप बंद होणारे असावे. हँगरमध्ये धुराची सूचना देणारी यंत्रे असावीत, आणि बाहेर पडायला दोन मार्ग असावेत. घरात जाणारे दार त्यांपैकी फार तर एक धरता येते. दुसरे मोकळ्यावर उघडलेच पाहिजे. घरातील हवा खेळविणारे नळ आणि सांडपाण्याचे नळ हँगरशी जोडता येत नाहीत.

आणि एक नियम तर असा आहे की तो ऐकून तुम्हांला आपले जुने घर आठवेल. त्या मधल्या दाराला निदान चार इंच उंचीचा, न जळणाऱ्या वस्तूचा उंबरठा असलाच पाहिजे. का बरे? कारण विमानाचे पेट्रोल सांडले तर ते जमिनीवरून वाहत घरात शिरू नये. पेट्रोलची वाफही हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते आणि कोठे तरी ठिणगी किंवा ज्योत भेटली की भडकते. चार इंचांचा उंबरठा तिला काही क्षण तरी अडवितो, आणि आगीत काही क्षणांना फार मोल असते. आपण नव्या घरांतून उंबरठे काढून टाकले. साप-विंचू आणि पावसाचे पाणी अडवायला ते होते हे विसरलो. तिकडे विमानाच्या घराला कायद्याने उंबरठा घालावा लागतो.

तुमच्याकडे विमान नसेल, पण पंपाचे डिझेल, मोटारसायकलीचे पेट्रोल, फवारणीची औषधे पुष्कळ घरांत पडवीत किंवा थेट स्वयंपाकघराच्या भिंतीलगत असतात. हाच हिशेब त्यांनाही लागू आहे. उंबरठा, अखंड भिंत, बाहेर उघडणारे दुसरे दार, आणि जमिनीलगत ज्योत नाही. या चार गोष्टी मनात ठेवल्या तरी पुष्कळ झाले.

घर आणि हँगर वेगळे बांधून मध्ये छप्पर घातलेली वाट ठेवणे, हा सर्वांत सुरक्षित उपाय. जागा असेल तर तोच करावा. जागा नसेल तर हँगर विमानाच्या वाटेकडे आणि घर मोटारीच्या रस्त्याकडे, अशी मांडणी करतात. मग हँगरच आवाजाची आडभिंत होतो आणि निजायच्या खोल्या शांत बाजूला येतात. चांगल्या वसाहतींत भूखंडाच्या एका अंगाला मोटारीचा रस्ता आणि दुसऱ्या अंगाला विमानाची वाट असते. काही ठिकाणी मात्र एकच रस्ता दोघांनाही असतो. कॅलिफोर्नियातील कॅमेरॉन पार्क येथे रस्ते १०० फूट रुंद ठेवले आहेत. पाट्या आणि टपालाच्या पेट्या मुद्दाम बुटक्या केल्या आहेत, म्हणजे विमानाचे पंख त्यांच्यावरून जातात.

मुलांच्या दृष्टीने सर्वांत मोठा धोका विमान आकाशात असताना नसतो, जमिनीवर असताना असतो. इंजिन सुरू झाले की नाकावरचा पंखा इतका वेगाने फिरतो की तो जवळजवळ दिसेनासा होतो. मोठी, अनुभवी माणसेही त्यात सापडली आहेत; मग मूल किंवा कुत्रे यांची काय कथा? म्हणून मुलांचे खेळायचे अंगण हँगरच्या तोंडाशी कधीही ठेवू नये. मध्ये कुंपण असावे आणि फाटकाची कडी मुलाच्या हाताला न येईल इतकी वर असावी. आणखी एक शेजारधर्माची गोष्ट. विमान वळविताना पंख्याचा सारा वारा मागे फेकला जातो. तुमच्या विमानाची शेपटी शेजाऱ्याच्या घराकडे असेल तर त्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ आणि खिडक्यांवर खडे जातील. यास्तव हँगरपुढची फरशी अशी ठेवावी की इंजिन सुरू करण्यापूर्वी विमान हाताने वळवून घेता येईल, आणि तेथे सुटी खडी घालू नये.

इंधनाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. या लहान विमानांचे नेहमीचे पेट्रोल शिसे मिसळलेले असते. मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे केव्हाच गेले, विमानांच्या पेट्रोलमधून अद्याप पुरते गेलेले नाही. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे. २०२३ साली अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने असा अधिकृत निष्कर्ष काढला की विमानांच्या इंजिनांतून निघणारे शिसे सार्वजनिक आरोग्याला धोका पोहोचविणाऱ्या प्रदूषणात भर घालते. २०३० सालाच्या अखेरपर्यंत बिनशिशाच्या इंधनाकडे वळण्याचे उद्दिष्ट तेथे ठरविण्यात आले आहे. तोवर ज्यांच्या घरी लहान मुले आहेत, त्यांनी इंजिन तापविण्याची जागा घरापासून लांब ठेवावी आणि हँगरमधले बूट घरात आणू नयेत. आपणही गोठ्यातली पायताणे बाहेरच काढतो, तसेच हे.

येथवर घराचे झाले. पण हे घर ज्या गोष्टीवर उभे आहे ती गोष्ट घरमालकाच्या एकट्याच्या मालकीची नाही. ती म्हणजे धावपट्टी.

आपल्या गावांत शेताच्या वाटेवरून जेवढे तंटे होतात, तेवढे खुद्द शेतावरून होत नसतील. जमीन उत्तम, विहिरीला पाणी, पण वहिवाट नाही, अशा शेताची काय किंमत? विमानवसाहतीतील घराचेही तसेच आहे. भूखंडाच्या खरेदीखतात धावपट्टीच्या वहिवाटीचा हक्क कायमचा लिहून दिला आहे की केवळ मालकाच्या मर्जीवर आहे, हे पहिल्यांदा पाहावे. कोठे धावपट्टी सर्व घरमालकांच्या संघाची असते, कोठे एकट्या मालकाची, कोठे नगराच्या विमानतळाची. एकट्या मालकाची असेल आणि उद्या त्याच्या वारसांनी ती जमीन घरांसाठी विकली, तर तुमच्या ४२ फुटी दारासमोर कोणाचे तरी परसू येईल. सरकारी मदतीच्या लहान विमानतळाला लागून घर असेल, तर कुंपणातून विमान आत नेण्यासाठी वेगळा करार लागतो. अशा करारांना २०१२ सालच्या कायद्याने वाट मोकळी करून दिली, पण प्रवेशाची फी द्यावी लागते आणि फाटक व जोडवाट यांचा खर्चही सोसावा लागतो.

धावपट्टी संघाची असली तरी प्रश्न संपत नाहीत. डांबराला भेगा पडतात, गवत वाढते, गटारे बुजतात. या कामाची वर्गणी कोणी किती द्यायची? जो रोज उडतो त्याने आणि जो वर्षाकाठी दोनदा उडतो त्याने सारखीच? आणि झाडांचे काय? लहान धावपट्टीसाठी ढोबळ हिशेब असा की तिच्या टोकापासून दर २० फुटांना १ फूट उंची चालते. म्हणजे ५० फूट उंचीच्या झाडाला टोकापासून निदान १००० फूट लांब असावे लागते. शेजाऱ्याने सावलीसाठी प्रेमाने लावलेले झाड पंधरा वर्षांनी सगळ्यांच्या वाटेत येते. कोणी कापायचे? कोणत्या अधिकाराने? भर उन्हाळ्यात हवा विरळ होते, विमानाला अधिक लांब धावावे लागते. थंड दिवशी समुद्रसपाटीला १६०० फुटांत ५० फुटांचा अडथळा ओलांडणारे विमान दुपारच्या उन्हात तसे करीत नाही. तेव्हा ते झाड ही नुसती भांडणाची बाब राहत नाही, जिवाची बाब होते.

म्हणून जाणते लोक अशा वसाहतीत भूखंड घेताना आधी संघाच्या सभांची टिपणे मागून वाचतात, आणि मगच घराचा नकाशा काढतात. सभेत लोक एकमेकांशी कसे बोलतात, वर्गणी थकली तर काय करतात, दुरुस्तीसाठी काही निधी शिल्लक आहे की नाही, यावरून धावपट्टीचे आयुष्य कळते. आपल्या गावच्या सार्वजनिक विहिरीचे, पाझर तलावाचे किंवा शाळेच्या इमारतीचे आयुष्य तरी आणखी कशावरून कळते?

आता त्या बाईंचा दुसरा प्रश्न. उडणे बंद पडले तर? ही गोष्ट प्रत्येकाच्या बाबतीत केव्हा तरी घडणारच. डोळे मंदावतात, काळीज कुरकुरते, वैद्यकीय तपासणीत अडकायला होते. विमान विकावे लागते. घर मात्र राहते. त्याच्या निम्म्याहून अधिक भागाला ४२ फुटी दार आहे आणि घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकालाही विमान असेल असे नाही. काही वसाहतींच्या नियमांत तर हँगरचा उपयोग विमानाखेरीज अन्य कामासाठी करण्यावर बंधने असतात. ते नियम आधी वाचावेत. मग हँगरला सुरुवातीपासूनच चांगल्या खिडक्या, वेगळी वीज आणि एक साधे माणसाच्या मापाचे दार ठेवावे. पुढे त्याची सुतारशाळा होईल, कोणाला भाड्याने देता येईल. घराच्या खोल्या एकाच पातळीवर ठेवाव्यात, म्हणजे जिना चढण्याचे दुःख नको.

माझ्या विद्यार्थ्याने आराखडा बदलला. नव्या नकाशात हँगर एका अंगाला गेला, मध्ये छपराची वाट आली आणि मुलांची खोली रस्त्याच्या बाजूला गेली. दिवाणखान्याची काच तेवढी राहिली; विमान आता थोडे लांबून दिसेल. त्याच्या पत्नीने त्यावर सही केली, कारण कर्ज दोघांच्या नावाने आहे.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवितो. हा विषय वर्गात घेण्याजोगा आहे. एक सेंटिमीटर म्हणजे चार फूट असे प्रमाण घ्या. जाड कागदाचे एक विमान कापा: पंखांचा विस्तार ९ सेंटिमीटर, लांबी पावणेसात सेंटिमीटर. १२ बाय १० सेंटिमीटरचा हँगर काढा आणि त्याला साडेदहा सेंटिमीटरचे दार ठेवा. ३० बाय ५० सेंटिमीटरच्या भूखंडावर मुलांना घर, हँगर, रस्ता आणि विमानाची वाट मांडू द्या. मग कागदी विमान बोटाने सरकवीत बाहेर काढायला सांगा. पंख कोठे भिंतीला लागतो, कोठे वळता येत नाही, खेळायचे अंगण कोठे वाटेत येते, हे मुलांना आपोआप दिसेल. क्षेत्रफळ, प्रमाण आणि चढाचे गणित एका तासात होऊन जाईल. दुसऱ्या दिवशी विमानाच्या जागी ट्रॅक्टर किंवा बैलगाडी ठेवा आणि प्रत्येकाला आपल्या घराचा नकाशा काढायला सांगा. त्यात डिझेलचा डबा कोठे आहे, दुसरे दार कोठे आहे आणि धाकटे भावंड कोठे खेळते, एवढ्या तीन खुणा करायला लावा. तो कागद मुलांनी घरी नेऊन वडीलमाणसांना दाखवावा. काही घरांतला डबा त्याच संध्याकाळी पडवीतून हलेल, असे मला वाटते.